औषधात पडलेला भेदऱ्या

मी भेदऱ्या बोलतोय. नाव ऐकून लगेच चुकचुकू नका. बाहेरच्या माणसाला वाटतं, हा बिचारा भेदरलेला असणार, कोपऱ्यात अंग चोरून बसत असणार. तसं काही नाही. आमच्या वऱ्हाडात टोमॅटोला भेदरं म्हणतात. माझा रंग पिकत आलेल्या टोमॅटोचा आणि मी सापडलो तोही टोमॅटोच्या सरीत, म्हणून मी भेदऱ्या. आता मी पुरता वाढलेला बोका आहे. माझा उजवा कान मारामारीत फाटलेला आहे आणि अमरावतीशेजारच्या नांदगाव पेठच्या या टोकाला एकही कुत्रं माझ्या वाटेला जात नाही.

मी बोलायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. माझ्याविषयी इथे सगळे एक गोष्ट सांगतात. ‘वामनरावचं मांजर लहानपणी औषधात पडलं होतं. आंघोळ घालून वाचवलं.’ ऐकायला ही गोष्ट साधी आहे, पण तिच्यात एक शब्द धडधडीत खोटा आहे. तो शब्द खोटा आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही, इतका तो तोंडात बसलेला आहे. त्या शब्दापायी मी मेलो असतो. म्हणून ही हकीकत दुसऱ्या कुणावर न सोपवता मीच सांगतो.

माझा जन्म इथल्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका कापड कारखान्याच्या गोदामात झाला. चिंध्यांच्या गठ्ठ्यामागे आईनं जागा धरली होती. आम्ही तीन पिल्लं. ऊब भरपूर, अंधार भरपूर, यंत्रांचा आवाज सतत. एक दिवस तयार मालाच्या पांढऱ्या कापडावर आईच्या पायांचे ठसे उमटले आणि आमचा निकाल लागला. कुणी आम्हाला काही विचारलं नाही. एक हात आला, त्यानं मला मानेला धरून उचललं आणि पोत्यात टाकलं. मग बाकीची दोघं माझ्या अंगावर पडली.

मांजर सोडायला पोतंच का घेतात, ठाऊक आहे? त्याला वाट दिसू नये म्हणून. वाट दिसली की मांजर परत येतं, अशी माणसाची खात्री असते. म्हणून पोत्याचं तोंड सुतळीनं आवळायचं, ते गाडीच्या मागे टाकायचं आणि कुठल्या तरी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, भिरकावून परतायचं. मारलं नाही, फक्त सोडलं, असं म्हणून माणूस घरी जाऊन निवांत जेवतो. पोत्याच्या आतली बाजू त्याला माहीत नसते. मला माहीत आहे. आत वर-खाली कळत नाही. पायाखाली जमीन नसते. नखं कशातच रुतत नाहीत, फक्त भावाबहिणीच्या अंगात रुततात.

कधी तरी सुतळी सुटली. बाकीची दोघं कुठे गेली, मला कळलं नाही. मी समोर दिसलेल्या हिरव्या झाडांत शिरलो आणि ओरडत राहिलो.

ती झाडं टोमॅटोची होती आणि शेत वामनरावांचं. वामनराव आणि दुर्गाबाई हे भाजीपाला करणारं घर. गावाच्या कडेला घर, घराला लागून मळा. टोमॅटो, वांगी, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर, थोडा झेंडू. पहाटे माल काढायचा, धुवायचा, टोपल्यांत भरायचा आणि अमरावतीला राजापेठेत नेऊन विकायचा. त्यांची लेक करिश्मा अमरावतीत कॉलेजला जाते. ती स्कुटीवर जाता जाता मालाची एक टोपली पायाशी घेऊन जाते आणि मैत्रिणी हसल्या तर त्यांनाच वांगी विकते.

दुर्गाबाईंनी मला सरीतून काढलं.

“अजी, हे पाहा काय निंघालं भेदऱ्यात!”

“कोनं तरी सोडलं असन,” वामनराव म्हणाले. “ठेव तठीच. आपले हे धंदे नाई.”

“उंदीर खाईन न मळ्यातले.”

“हे? याच्यापेक्षा उंदीर मोठे हायेत आपले.”

हा माझा पहिला अपमान. मी तो लक्षात ठेवला आणि पुढे उंदरांवर काढला. पण त्या दिवशी दुर्गाबाईंनी मला पदरात घेतलं, घट्ट न धरता, नुसतं खाली हात देऊन, आणि मी घरात आलो.

त्या घरात मला दूध मिळालं, ऊब मिळाली, सगळं मिळालं. फक्त एका गोष्टीवरून भांडण राहिलं. माणसांना धरायची फार हौस. मांजर दिसलं की धर, उचल, छातीशी आवळ, पोटावर उलटं कर, फोटो काढ. येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, “चावते का?” आणि उत्तराची वाट न बघता माझ्या पोटात बोट खुपसायचा. मग मी चावायचो. मग म्हणायचे, चावरं आहे. हा कुठला न्याय? तुम्हाला रस्त्यात अनोळखी माणसानं उचलून उलटं धरलं, तर तुम्ही काय हात जोडाल?

माझ्या जातीत घट्ट धरलं जाणं याचा अर्थ एकच असतो, आपल्याला कुणी तरी खाणार आहे. त्यात मला मानेला धरलं की पोतं आठवायचं. हे कुणाला सांगणार? मी नखांनी सांगायचो.

मग दिवाळी आली. दुर्गाबाईंनी घर धुतलं, भांडी धुतली, चादरी धुतल्या, टोपल्या धुतल्या. शेवटी कंबरेवर हात ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“सारं धुतलं. हेच एक राह्यलं.”

माझ्या अंगाला कसलीही घाण नव्हती. मी दिवसभर स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतो. हे घरात दुसरं कुणी करत नाही. पण निर्णय झाला होता. निळा प्लास्टिकचा टब आला, नळाचं गार पाणी आलं, शाम्पूची पुडी आली. करिश्मा मोबाइल उगारून उभी राहिली. वामनरावांनी माझी मान धरली, दुर्गाबाईंनी मागचे पाय धरले आणि मला पाण्यात बुडवलं.

टबाचा तळ गुळगुळीत. मी पाय टेकवले की ते सटकत. खाली आधार नाही, वर मान आवळलेली, कानात पाणी. मला दिसलं ते फक्त पोतं. मी वामनरावांच्या मनगटावरून कोपरापर्यंत वर चढलो. चढायला त्यांच्या कातडीशिवाय दुसरं काही नव्हतं.

कुंपणापलीकडून नत्थुजी सगळा तमाशा बघत होते. हे शेजारी. स्वतःच्या घरी काम नसलं की कुंपणावर टेकून दुसऱ्याच्या कामावर देखरेख करणारे.

“काहो वामनराव, वाघ धरून राह्यले का?”

“थट्टा करू नका, नत्थुजी. रगत निंघून राह्यलं.”

“मंग मेळघाटात नेऊन सोडा न थ्याले! वाघ पळून येतीन बापा अमरावतीत!”

दुर्गाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. करिश्माचा मोबाइल हसण्यानं हलत होता. वामनराव मात्र हसले नाहीत. हातावरचं रक्त दुपट्ट्यानं पुसत त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

“ऐक वं दुर्गे, आन तूही ऐक पोरी. आता एक डाव जरी याचं नख लागलं न मले, तं पोत्यात भरून मेळघाटात जानाऱ्या धारणीच्या जीपमध्ये टाकून देतो. मंग मले काहून टाकलं म्हनजा नका.”

पोत्यात. तो शब्द मला कळतो. त्या दिवसापासून मी वामनरावांपासून चार पावलं लांब राहू लागलो. घर टिकवायचं तर नखं आत ठेवायला हवी होती. मला ते घर हवं होतं. हे सांगायला मला लाज नाही.

थंडीत वांग्याला कीड लागली.

आता तो शब्द. पिकावर कीड पडली की माणसं दुकानातून एक डबा आणतात. डब्यावर लाल त्रिकोण असतो, त्रिकोणात कवटी असते. तो डबा घरी आणताना म्हणतात, औषध आणलं. पाण्यात कालवताना म्हणतात, औषध कालवलं. फवारताना म्हणतात, औषध मारून राहिलो. कवटीचं चित्र छापणाऱ्यानं छापलं, विकणाऱ्यानं विकलं, आणणाऱ्यानं आणलं, आणि एकानंही त्याला त्याच्या नावानं हाक मारली नाही. सर्दीच्या गोळीला औषध, बाळाच्या बाटलीतल्या थेंबांना औषध आणि या कवटीलाही औषध. एकच शब्द, आणि तिन्ही गोष्टी एकाच फळीवर.

वामनराव त्या दिवशी धुऱ्यावर बसून ते कालवत होते. बादलीत पाणी, त्यात डब्यातलं पांढरट दूध. काठीनं ढवळलं, काठी आखूड पडली तेव्हा हातानंच ढवळलं. मग पंपात भरलं, पंप पाठीला लावला आणि वांग्याच्या सरीत शिरले. फवारणीच्या दिवशी संध्याकाळी त्यांचं डोकं दुखतं, जेवण नको वाटतं, कधी उलटी होते. मग म्हणतात, ऊन लागलं. थंडीतसुद्धा म्हणतात, ऊन लागलं. हे मी माझ्या जागेवरून आधीही पाहिलं होतं.

बादलीच्या काठावर एक नाकतोडा बसला. मी पिल्लू होतो. नाकतोडा दिसला की पिल्लानं झेप घ्यायची असते, त्यात विचाराचा प्रश्न येत नाही. नाकतोडा उडाला. मी बादलीत.

वामनराव पंप टाकून धावत आले, शेपटीला धरून त्यांनी मला बाहेर काढलं. दुपट्ट्यानं पुसलं आणि करिश्माला हाक मारली.

“पोरी, याच्या अंगाले औषध लागलं वं! आंघोळ घालावं लागन काय?”

“थांबा बाबा. मागच्या खेपेले काय झालं माहीत हाय न. डॉक्टरले विचारते.”

राजापेठेत जनावरांचे एक डॉक्टर आहेत. तरुण, साताऱ्याकडचे, नुकतेच आलेले. करिश्माच्या मैत्रिणीचा कुत्रा तिथे नेतात, म्हणून नंबर होता. तिनं फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.

“सर, आमच्या मांजराच्या पिल्लाले औषध लागलं. अंगभर.”

“कसलं औषध?”

“किडीचं.”

“अच्छा, म्हणजे गोचीड, पिसवा. थोडं जास्त लागलं का?”

“हो सर. पूर्ण भिजलं. आंघोळ घालू का?”

“छे छे, आंघोळ आज अजिबात घालू नका. धुतलं की औषध निघून जाईल, काही उपयोग होणार नाही. अंगावर वाळू द्या. उद्या बघू.”

फोन बंद. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. वामनराव आपल्या हातावरच्या जुन्या ओरखड्यांकडे बघून म्हणाले, “चाला, बरं झालं. आंघोळीची पीडा टळली.”

या संभाषणात कुणी खोटं बोललं का? नाही. करिश्मानं घरात जो शब्द आहे तोच वापरला. डॉक्टरांनी त्यांच्या दवाखान्यात त्या शब्दाचा जो अर्थ आहे तोच घेतला. तिच्या किडी वांग्यातल्या होत्या, त्यांच्या किडी केसांतल्या. दोघंही प्रामाणिक, दोघंही माझ्या भल्यासाठी बोलत होते आणि दोघांनी मिळून माझ्या अंगावर विष वाळत घातलं.

मग मी जे करतो तेच केलं. अंग ओलं आहे, तर चाटून कोरडं करायचं. पाठ चाटली, पाय चाटले. चव कडू होती, जीभ बधीर होत होती, तरी चाटत राहिलो. ओलं अंग तसंच ठेवणं आमच्या स्वभावात नाही.

थोड्या वेळानं तोंडातून लाळ गळायला लागली. थांबेना. मागचे पाय माझ्या हुकमात राहिले नाहीत. मी उठलो आणि पडलो.

दुर्गाबाईंनी आधी पाहिलं. “करिश्मा! अवं, याच्या तोंडाले फेस आला! धाव वं!”

फोन पुन्हा लागला. या वेळी करिश्माचा आवाज फाटला होता.

“सर, थ्याच्या तोंडातून फेस येऊन राह्यला. पाय कापून राह्यले.”

“फेस? औषधाचं नाव वाचा बरं. नाही, फोटोच पाठवा. लगेच.”

तिनं डब्याचा फोटो पाठवला. मग डॉक्टर ओरडलेच.

“अहो, हे पिकावर मारायचं कीटकनाशक आहे! हे औषध नाही, विष आहे विष! धुवा त्याला, आत्ता! कोमट पाणी, भांड्यांचा साबण. चाटू देऊ नका. आणि लगेच इकडे घेऊन या.”

“पन सर, आमी तं औषधच म्हनतो...”

“ते नंतर बोलू. फोन बंद करू नका. आधी हातांत काहीतरी घाला. उघड्या हातांनी नको.”

“मी तं हातानंच ढवळतो,” वामनराव बोलून गेले.

मग डॉक्टर हळू म्हणाले, “पिशव्या घाला हातांत. प्लास्टिकच्या.”

दुर्गाबाईंनी चहासाठी ठेवलेलं पाणी तसंच टबात ओतलं, त्यात गार पाणी घातलं, कोपर बुडवून बघितलं. तोच निळा टब. वामनरावांनी हातांत भाजीच्या पिशव्या चढवल्या आणि माझी मान धरली.

मी मरायला टेकलो होतो, पण मान धरल्यावर कोणत्या मांजराला ते आठवतं? अंगात होतं तेवढं सगळं बळ नखांत आलं. टबाचा तळ सटकला, पोत्यातला तोच अंधार डोळ्यांपुढे आला आणि मी मारलं. पिशवी फाटली. पिशवीच्या आतला हातही फाटला.

“धरा न बाबा घट्ट!” करिश्मा रडत ओरडली.

“धरून तं राह्यलो! आनखी किती धरू? मोडन थे!”

“धरू नका!” स्पीकरमधून डॉक्टर. “घट्ट धरलं की ते आणखी लढणार. त्याचे पाय घसरताहेत का?”

“हो सर, टब गुळगुळीत हाय.”

“मग खाली काहीतरी जाड, खरखरीत टाका. त्याला उभं राहू द्या. खांद्यांवर नुसता हात ठेवा, आणि मागून हळू पाणी ओता. तोंडावर नको.”

वामनरावांनी मला दुर्गाबाईंच्या हातात दिलं आणि वळले. कोपऱ्यात पोती रचलेली होती. त्यांनी एक पोतं ओढलं.

मी ते पाहिलं. त्यांच्या मनगटातून रक्त ठिबकत होतं, ते मी काढलं होतं. दुसऱ्या हातात पोतं होतं. शब्द दिला होता, तो पाळायची वेळ आली होती. मी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. नुसता फेस आला.

वामनरावांनी पोतं पाण्यात बुडवलं, पिळलं, त्याची घडी घातली आणि टबाच्या तळाशी अंथरलं. रोज पहाटे टोमॅटो धुताना ते असंच करतात. टोपलीत ओलं पोतं टाकतात, म्हणजे माल आपटत नाही, घसरत नाही.

“ठेव आता,” ते म्हणाले. “भेदरंच हाय थे. भेदऱ्यासारखंच धू.”

दुर्गाबाईंनी मला त्याच्यावर ठेवलं. पुढची नखं रुतली. मागची रुतली. पायाखाली जमीन आली. पाण्यात उभा होतो, तरी जमीन होती. वामनरावांचा हात माझ्या खांद्यांवर होता, पण आवळत नव्हता, नुसता होता. मी थांबलो. मला आंघोळ आवडली म्हणून थांबलो, असं कुणी लिहू नये. उभं राहायला जागा मिळाली, म्हणून थांबलो.

साबण, पाणी, पुन्हा साबण, पुन्हा पाणी. करिश्मा तांब्यानं पाणी ओतत होती आणि “झालं रे राजा, झालं” म्हणत होती. ती हे मला सांगत होती की स्वतःला, कोण जाणे. मग टॉवेलमध्ये डोकं बाहेर ठेवून गुंडाळलं, माल न्यायच्या टोपलीत ठेवलं आणि स्कुटी निघाली. वामनराव मागे टोपली धरून बसले होते. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला ते टोपली वर उचलत. नांदगाव पेठ ते राजापेठ, सगळा रस्ता ते एकच वाक्य पुटपुटत होते.

“मरजो नको रे लेका. मरजो नको.”

दवाखान्यात सुई टोचली. एक, मग थोड्या वेळानं दुसरी. डॉक्टर माझे डोळे पुन्हा पुन्हा बघत होते. संध्याकाळच्या क्लासला जाणाऱ्या पोरापोरींच्या गाड्यांचा गोंगाट बाहेर सुरू झाला, तेव्हा माझी लाळ थांबली. मी मान उचलली. करिश्मा खाली फरशीवरच बसली आणि ओढणीत तोंड खुपसून रडली.

“माझंही चुकलं,” डॉक्टर वामनरावांना म्हणाले. “मी डब्याचं नाव आधीच विचारायला हवं होतं. वेळेवर धुतलंत म्हणून वाचलं. तुमचा हात दाखवा.”

“थे काही नाई, मांजराचं नख हाय.”

“नखाचं नाही विचारत. ही बोटं अशी का झालीत?”

वामनरावांच्या बोटांची कातडी जागोजागी सोललेली होती. ती तशीच असायची. घरात कुणी कधी विचारलं नव्हतं.

“फवारलं की डोकं दुखतं का? उलटी?”

“ऊन लागते कधी कधी.”

डॉक्टर टेबलावरच्या माझ्याकडे बघत म्हणाले, “याला काय ऊन लागलं होतं का, काका?”

वामनरावांनी आपली बोटं उलटसुलट करून बघितली. दुसऱ्या दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जायचं करिश्मानं ठरवलं, तेव्हा ते एरवीसारखे भांडलेसुद्धा नाहीत.

सकाळी नत्थुजी कुंपणावर हजर. त्यांना हातावरची पट्टी दिसली.

“काहो, वाघानं पुन्हा मारलं वाटते? आता तं धारणी पक्की न?”

मी पायरीवर टॉवेलात गुंडाळलेला. कान ताठ.

वामनरावांनी पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “वाघ नाई जी. वांगे तोडता तोडता काटा लागला.”

“एवढा मोठा काटा? कोन्या जातीचे वांगे हायेत बापा?”

“नवीन जात हाय. तुमच्या वावरात नाई येत.”

वांग्याच्या देठाला काटे असतात, हे खरं. पण पिशवीसकट मनगट फाडणारं वांगं वऱ्हाडात अजून पिकलेलं नाही. आयुष्यात मी ऐकलेली ही सगळ्यात चांगली थाप.

आता मला जे मुद्दाम सांगायचं आहे ते. काही दिवसांनी मला पुन्हा दाखवायला नेलं होतं. येताना वामनरावांनी स्कुटी किसनरावांच्या कृषी केंद्रासमोर थांबवायला लावली. किसनराव म्हणजे त्यांचे जुने दुकानदार. मी टोपलीत, टोपली वामनरावांच्या हातात. दुकानात चार-दोन गिऱ्हाइकं होती, हसणं-बोलणं सुरू होतं.

“या वामनराव. काय पाह्यजे?”

“विष द्या.”

दुकान गप्प झालं. किसनरावांचा हात फळीकडे गेला होता, तो तिथेच राहिला. बाजूचा माणूस मागे सरकला. किसनराव काउंटरवरून वाकले आणि एकदम हळू आवाजात म्हणाले,

“काहून हो? घरी सगळं बरं हाय न? बसा जरा. चहा बोलावू काय?”

का गप्प झालं, ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या गप्प होण्यातच मला उत्तर मिळालं. यांना सगळ्यांना ठाऊक होतं. डब्यात काय आहे, हे त्या दुकानातल्या एकालाही नवीन नव्हतं. खरं नाव उच्चारलं की हात थरथरतो, म्हणून दुसरं नाव ठेवलं होतं, आणि ते नाव ठेवल्यावर हात थरथरायचा राहिला. उघडा हात सरळ बादलीत जायला लागला.

“सगळं बरं हाय,” वामनराव म्हणाले. “वांग्याले कीड हाय. थेच विष द्या, जे नेहमी देता. आन हातमोजे द्या. आन तोंडाले बांधाचं जे असते, थेही द्या.”

“अहो, मंग औषध म्हना न! जीव घेतला माह्या!”

वामनरावांनी टोपली काउंटरवर ठेवली. मी डोकं बाहेर काढलं.

“याले इचारा, औषध हाय का थे.”

आज मी मळ्याचा मालक आहे. वामनराव कागदोपत्री मालक असतात, पण उंदरांचा हिशेब माझ्याकडे असतो. घरात तो डबा आता वेगळ्या लोखंडी पेटीत असतो आणि तिला सगळे विषाची पेटी म्हणतात. पाहुणे दचकतात. दचकू द्या, दचकायलाच हवं. वामनराव फवारणीला निघाले, की दुर्गाबाई दारात उभ्या राहून हात तपासतात. मोजे नसतील तर त्यांचा आवाज कुंपणापलीकडे नत्थुजींपर्यंत जातो. फवारणीनंतर आता वामनरावांना ऊन लागत नाही. नत्थुजी हसतात, पण परवा त्यांच्याही हातात मोजे दिसले. विचारलं तर म्हणाले, थंडीसाठी घेतले.

मला पुन्हा आंघोळ घालण्यात आलेली नाही. गरज नाही. गरज पडली तर टबात आधी काय अंथरायचं, हे त्यांना माहीत आहे.

माझ्या मागण्या दोनच आहेत, आणि मी त्या विनंती म्हणून मांडत नाही. जे विष आहे त्याला विष म्हणा, घरात, दुकानात, फोनवर, सगळीकडे. आणि एखादं पिल्लू तुमच्या हातात झगडत असेल, तर धरणं घट्ट करण्याआधी त्याच्या पायाखाली काय आहे ते बघा.

ते पोतं, साबणानं खळखळून धुतलेलं, अजून आहे. ओसरीवर, चुलीच्या भिंतीला लागून टाकलेलं असतं आणि थंडीत मी त्यात झोपतो. हो, आत शिरून झोपतो. त्याची सुतळी करिश्मानं दवाखान्यातून आलो त्याच दिवशी काढून टाकली. पोत्याचं तोंड रात्रभर उघडं असतं.

वामनराव पहाटे माल धुवायला उठतात, तेव्हा जाता जाता वाकून आत बघतात.

“हाय काय रे?”

मी शेपटी हलवतो, कधी हलवत नाही. ते माझ्या मर्जीवर आहे.

“हाय,” ते स्वतःशीच म्हणतात आणि कामाला लागतात.